शिशाचा बाण

तपासणी विभागाच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. त्यात आजारी निम्मेच. बाकीचे यंत्र बघायला आलेले. छातीचा एक्स-रे आत गेला की तीन सेकंदांत पडद्यावर चौकोन उमटायचा: लाल म्हणजे आजार, हिरवा म्हणजे निरोगी. हिरवा आला की माणसं यंत्रालाच हात जोडायची.

"हात जोडू नका, विश्वास ठेवा!" रुग्णालयाचे संचालक खड्या आवाजात सांगत. "डॉक्टर थकतो, जांभया देतो. हे देत नाही. हजारो छात्या बघून आपलं आपण शिकलंय. कसं ते विचारू नका, शिकवणाऱ्यांनाही सांगता येत नाही!"

शिकवणारी त्यांच्या मागेच उभी होती. यंत्राला एक्स-रे वाचायला शिकवणं हेच तिचं संशोधन. 'सांगता येत नाही' हे खरं होतं, आणि संचालक ते बढाई मारल्यासारखं सांगत, तेव्हा तिला मान वर करवत नसे.

कारण तिचा मामा. आईच्या मागे त्यानेच तिला वाढवलं. चार महिन्यांपूर्वी खोकला जाईना म्हणून तो इथे आला, तेही चार मजले जिन्याने चढून. हिरवा चौकोन आला.

"बघ, भाचीच्या यंत्राने पास केलं तुला!" ती हसत म्हणाली होती.

"डॉक्टरांनाही दाखवून ठेवू का?" त्याने विचारलं होतं.

"कशाला रे? चौऱ्याण्णव टक्के बरोबर असतं ते," ती म्हणाली होती.

गेल्या आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं. दुसरीकडच्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे उजेडापुढे धरला आणि बोट ठेवलं. "ही गाठ. तेव्हाच होती. आता पसरलीय."

रडणं बाजूला ठेवून ती कामाला लागली. निकाल देताना यंत्र चित्राचा कुठला भाग बघतं, तो रंगवून पाहता येतो. तिने शेकडो एक्स-रे रंगवले. रंग फुप्फुसांवर चढेचना, कोपऱ्यात साचत होता. बहुतेक लाल निकालांत तिथे एक पांढरा बाण होता.

"तो होय? माझाच बाण," एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ म्हणाले. "ज्यांना उठवत नाही, त्यांचा एक्स-रे मी चाकाच्या यंत्राने पलंगावरच काढतो. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून त्याच्या प्लेटवर शिशाचा बाण चिकटवलाय, तो चित्रात पांढरा उमटतो. का हो बाई, काही चुकलं?"

"तुमचं नाही, काका."

दुसऱ्या दिवशी रांगेसमोरच तिने मामाचा एक्स-रे यंत्राला दिला. हिरवा. मग त्याच चित्राच्या कोपऱ्यात बाण चिकटवला. लाल, खात्री एक्क्याण्णव टक्के. शेवटी सबंध छाती काळ्या चौकोनाने झाकली. उरला फक्त बाण. लाल, नव्वद टक्के.

"अहो, छातीच नाही आणि आजार सांगतंय!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"पण चाचणीत चौऱ्याण्णव टक्के..." संचालकांचा आवाज एकदम खाली आला.

"चाचणीही याच रुग्णालयाच्या एक्स-रेंवर घेतली होती, साहेब. पलंगावरचे बहुतेक आजारी, चालत येणारे बहुतेक बरे. यंत्राने आजार कधी ओळखलाच नाही. बाण ओळखला. आणि हे मी आधी तपासलं नाही."

यंत्र त्याच दिवशी बंद झालं.

संध्याकाळी तिने मामाला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आडवा पडून आलो असतो तर सापडलो असतो?"

"हो."

मामा हसला. हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ थांबेना. ती पाठ चोळत राहिली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

"इतर हिरव्यांचं काय?" दम परत आल्यावर त्याने विचारलं.

हिरवे निघाले सहाशे बारा. तिने यादी काढली आणि एकेकाला फोन करायला सुरुवात केली. चारशेच्या आसपास यादी आली असताना मामा गेला. चार दिवसांनी तिने पुढचा नंबर लावला.

प्रत्येकाला ती एकच सांगे: "तुमचा एक्स-रे डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यायचाय, या. आणि पुढे कुणीही, माणसाने किंवा यंत्राने, तुम्हाला छातीठोक काही सांगितलं, तर 'हे कशावरून?' असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी विचारलं नव्हतं."