नळाखाली धुतलेली खाडी

गिरीश काकांनी माझे किडे नळाच्या पाण्यात धुतले. हे आधीच सांगते, कारण नंतर त्यांनी त्याला "छोटीशी ॲडजस्टमेंट" म्हटलं.

मी राधिका, नागपूरची. वॉशिंग्टन राज्यात काकांच्या पाणी-तपासणीच्या कंपनीत जीवशास्त्रज्ञ आहे, म्हणजे होते. ऑफिस काकांच्या गॅरेजात. काका माझे बॉस आणि मराठी मंडळाचे अध्यक्षही. बॉसला काका म्हणायची एकदा सवय लागली की "तुम्ही चुकलात" म्हणणं उद्धटपणा ठरतो. फार सोयीचं नातं आहे ते. त्यांच्या सोयीचं.

आमची खाडी हिमनदीने कोरलेली, फ्योर्ड म्हणतात तसली, पण उथळ. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली बसतं. तळाच्या चिखलात समुद्री किडे राहतात, गांडुळांचे लांबचे भाऊबंद. नदीच्या तोंडाशी गोडं पाणी सोसणारे चिवट. पुढे, जिथे खारं पाणी टिकतं, तिथे नाजूक. कोणी कुठे राहायचं ते मीठ ठरवतं. आणि एका बिल्डरला आख्ख्या कॉलनीचं पावसाचं पाणी पाइपने नेमकं त्या नाजूक किड्यांच्या अंगावर सोडायचं होतं. सोडलं तर काय होईल, हे काउंटीला, म्हणजे परवानगी देणाऱ्या जिल्हा कचेरीला, आम्ही सांगायचं.

तिथला चिखल मी किडे चाळून मोजायला गॅरेजात आणून ठेवला. बादल्यांवर ठळक लिहिलं, फक्त समुद्राच्या पाण्याने चाळणे. शेजारी त्या पाण्याचे कॅनही ठेवले. पण दुसऱ्या दिवशी गॅरेजात मंडळाच्या नाटकाची तालीम! काकांच्या बायको, अहिल्या काकू म्हणाल्या, वास मारतोय. झालं. काकांनी गॅरेजासमोरच्या ड्राइव्हवेवर चाळणी मांडली, बागेचा पाइप सोडला आणि सगळा चिखल चाळून, उरलं ते बरण्यांत भरून मोकळे झाले.

खाऱ्या पाण्यातल्या नाजूक किड्यावर गोडं पाणी मारलं की ते त्याच्या अंगात शिरतं. तो फुगतो, फुटतो. बरण्यांत मला दिसले ते चिवट किडे. बाकीच्यांचा नुसता लगदा.

"काका, हे सॅम्पल गेलं. परत काढावं लागेल."

"अगं, एवढे आहेत की बरणीत! मोज आणि लिही."

"वाचले तेवढेच आहेत हे. असं लिहिलं तर अर्थ होतो, इथे गोडं पाणी सोसणारेच किडे राहतात, खुशाल पाइप टाका."

"मग टाकू देत की! किडे आहेत यार ते, राधिका. तुझे मामा-मावशी नाहीत."

"अशा अहवालावर माझी सही मिळणार नाही."

"नको देऊस. माझी आहे."

आणि केली. चाळणी धरायची कशी हे माहीत नसलेल्या माणसाने सही केली!

काउंटीच्या सुनावणीला आम्ही त्यांच्याच गाडीतून गेलो. वाटेत त्यांनी मला नाटकातला स्वतःचा संवाद म्हणून दाखवला. सुनावणी घेणाऱ्या काउंटीच्या बाईंनी विचारलं, नमुने कशात धुतले? काका छाती काढून म्हणाले, "पिण्याच्या स्वच्छ पाण्यात." बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. स्वच्छ! माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक पाइप सगळी खाडी मारणार होता आणि खोलीत कोणालाच काही खटकलं नाही.

लोकांनी बोलायची वेळ आली तेव्हा मी माइक धरला. म्हटलं, या अहवालातले किडे खाडीने निवडलेले नाहीत, नळाने निवडलेत. बाकीचे ड्राइव्हवेवर मेले. बाईंनी पेन ठेवलं आणि काकांना विचारलं, खरं आहे? काका म्हणाले, पाणी स्वच्छच होतं. पाइपची परवानगी थांबली. नवे नमुने, समुद्राच्या पाण्यात, दुसऱ्या कंपनीकडून.

पार्किंगमध्ये काका मराठीत ओरडले. "चारचौघांत आपल्या माणसाची अब्रू काढतेस? व्हिसा कोणी केला तुझा?"

"तुम्ही केलात. कामासाठी. तेच केलं."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

"आणि मंडळातही नको!"

गाडी निघून गेली. बस कुठून मिळते ते मला ठाऊक नव्हतं. खाडीच्या कडेचा रस्ता धरला आणि चालायला लागले. नोकरी गेली, व्हिसाचं काय होणार माहीत नाही. ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडत होता, आणि त्यात जागोजागी किड्यांची बारीक भोकं होती, जिवंत.