दाराशी कुऱ्हाड

धुरपताने नवी कुऱ्हाड दाराच्या चौकटीला टेकवली, पातं रस्त्याकडे करून. मग दार लोटलं आणि मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. घरात ती एकटीच होती.

सरकारनं दोन बायका करायला नुकतीच बंदी घातली होती, त्या सालची ही गोष्ट. तिच्या नवऱ्याला, वारलूला, गल्लीपलीकडची रंभा हवी होती. लपूनछपून काही नको म्हणून तो धुरपतासमोर येऊन बसला.

"तू हो म्हन. नाईतं मी जात नाई."

ती हो म्हणाली. मग तिघांनी बसून ठरवलं. वारलू रंभाकडे असला की त्याची काठी तिच्या दाराशी राहील. काठी दिसली की कुणी हाक मारायची नाही. मात्र विचारलं, तर खरंच सांगायचं.

"अन् हाच कायदा मले बी," धुरपता म्हणाली होती.

वारलू पोट धरून हसला. "कबूल! ठेवजो काठी!" रंभाही पदराआड हसली. ते हसणं धुरपताने आठ महिने जपलं, बियाण्याच्या धानासारखं.

आज भर दुपारी वारलू शेतातून आला. दाराशी अनोळखी कुऱ्हाड दिसली आणि अंगणात त्याच्या वाहणा थबकल्या. शेजारच्या सुगंधाबाईने कुडावरून मान काढली.

"काऊन वारलूभाऊ, उन्हात उभे? जा ना घरात."

"बैल बांधाचे हायेत."

बैल केव्हाचेच बांधलेले होते.

धुरपता स्वतःशी हसली. मग बाहेर ऐकू जाईल असं हसली. निवडलेलेच तांदूळ तिने पुन्हा निवडले. सावली अंगणात उतरल्यावर उठून मागचं दार उघडलं, मग पुढचं. कुऱ्हाड आत घेतली आणि ताट वाढलं.

वारलूने एक घास घेतला. मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"धुरपता..."

"इचारा ना. खरंच सांगीन."

तिच्या हातातली पळी थांबली. त्याने विचारलं असतं, तर सांगावंच लागलं असतं. त्याचे ओठ हलले. मग त्याने तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"भात वाढ," तो म्हणाला.

तिने हात भरून वाढला.

"शुक्रवारी बी ठेवीन म्हन्ते कुऱ्हाड," ती म्हणाली. "बैल तेवढे सावलीत बांधजा."