भाताचा शेंडा

दुखणं बरं झालं म्हणून घातलेल्या जेवणात सुकिमिनने पिवळ्या भाताच्या उंच राशीचा शेंडा अलगद कापला, केळीच्या पानावर ठेवला आणि सगळ्यांदेखत वागियेमपुढे धरला. शेंडा मानाच्या माणसालाच जातो. आज तो पोटच्या मुलीला गेला नाही की मशिदीच्या इमामांना गेला नाही. पाठीवर काढ्याच्या बाटल्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या वागियेमला मिळाला.

मान तिने कमावला होता. चाळीस वर्षं मांडी घालून चामड्याच्या बाहुल्या कोरणाऱ्या सुकिमिनच्या कमरेतून महिनाभर कळ उठायची आणि विजेसारखी पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, कमरेत शीर दबली आहे, शहरात दाखवा. पाय बधिर पडला तर मात्र एक तासही थांबू नका. ते ऐकून वागियेमला हसूच फुटलं होतं. दुखणं पायात आणि खोट कमरेत! अंगात वारा शिरलाय, दुसरं काही नाही. मुलगी लास्त्री गाडी ठरवायला निघाली, तेव्हा हिनेच तिला दारात अडवलं. मग सात दिवस हळद-आल्याचा काढा, आणि तेल लावून जुन्या नाण्याने पाठ लाल होईतो खरवडणं. आठव्या दिवशी कळ गेली, आणि गावभर वागियेमचं नाव झालं.

"घे की," सुकिमिन म्हणाला. "तू नसतीस तर या पोरीने मला शहरातून कापूनच आणलं असतं."

मंडळी हसली. लास्त्री मान खाली घालून चहा देत राहिली. कुणीतरी सकाळची गंमत काढली. आमंत्रणं द्यायला फिरताना सुकिमिनच्या एका पायातली चप्पल गल्लीतच राहिली, आणि याला घरी येईतो पत्ता नाही. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते म्हणे.

घास उचलणारा वागियेमचा हात थांबला. मघाशी सुकिमिन स्वयंपाकघरातून येताना त्याचं एक पाऊल फरशीवर थपथप आपटत होतं. ते तिने ऐकलं होतं, आणि कानाआडही केलं होतं.

तिने पान खाली ठेवलं.

"पाय लांब कर. शेवटचा हात फिरवून देते."

तो भिंतीला टेकला, डोळे मिटले. वागियेमने कमरेचं नाणं काढलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यावरून ओढलं. मग जोर लावून पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तळव्यावर लाल रेघ उमटली.

"अगं, सुरू कर ना," सुकिमिन डोळे मिटूनच म्हणाला.

कुणी हसलं, कुणी चहाचा घोट घेतला. लास्त्री मात्र त्या रेघेकडे बघत उभी राहिली. वागियेमने शेंड्याचं पान उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"हा तुझा मान, पोरी. माझं चुकलं. आता कुणाचं ऐकू नकोस, आधी गाडी बोलाव."