एक भाग कमी

"आणि मागचा एक्सल?" आरटीओच्या तपासनिसानं मान वर न करता विचारलं.

"नवा," फिटर म्हणाला. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. "जुना झिजला होता. झिजलेला भाग मी गाडीत ठेवतच नाही."

"जुना नंबर ठेवायचा तर तीन मुख्य भाग मूळचे लागतात. तुमची चॅसी जुनी, इंजिन जुनं. एक कमी पडतोय. गाडी पास आहे, पण नंबर नवा मिळेल."

"वडिलांनी एकतीस वर्षं चालवलीय ही गाडी. त्यांच्यासाठीच तर पुन्हा बांधली."

"मान्य आहे हो. पण इतकं चांगलं काम करायला सांगितलं होतं कुणी?"

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांचे सगळे रविवार या गाडीत गेले होते. या कचेरीत हा पाचवा हेलपाटा, कधी फोटो चुकीचा, कधी सही अपुरी. आणि आता काम नीट केलं म्हणून शिक्षा! पण भांडणार कुणाशी? तपासनीस नियमच सांगत होता. फिटरनं कागद तसेच खिशात कोंबले आणि गाडी घरी आणली.

वडील शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. फिटरनं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"जुना एक्सल शेडमागे पडलाय. तोच बसवतो परत. तुमचा नंबर जाऊ देणार नाही मी."

वडिलांनी चाचपडत मडगार्डवर हात ठेवला.

"कशाला? चढ आला की कण्हायचा मेला. एकतीस वर्षं ऐकलंय मी ते. मला नको."

"बाबा, नंबर जाईल."

"जाऊ दे की. मला आता दिसतोय कुठे तो?"

फिटर पाना हातात घेऊन उभाच राहिला. लहानपणी वडील माल घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचे. लांबून गाडी आली की तो आधी नंबर वाचायचा, खात्री करायचा आणि मगच आईला सांगायला धावायचा.

"मला हवाय," तो म्हणाला. आवाज चिडकाच निघाला.

वडिलांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"मग असं सांग ना. तीन वर्षं माझ्या नावावर खपवलंस."

फिटरनं जॅक ओढला आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसला. पहिला नट सैल होईपर्यंत वडील ऐकत राहिले.

"चढावर घाई करायची नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची. मग तो फार त्रास देत नाही."