तीनदा विचारलं होतं

"बोटं हलव," दोरवाला म्हणाला.

तिचे हात पाठीमागे एकावर एक बांधलेले होते. डाव्या हाताला मघापासून मुंग्या येत होत्या. आता त्याही थांबल्या होत्या. तिनं उजव्या हातानं डाव्याला ढकललं. दोन्ही हलल्यासारखे दिसले.

"ठीक?"

"ठीक."

गोठलेल्या तळ्याकाठी, निष्पर्ण झाडाच्या फांदीला ती फोटोसाठी बर्फापासून दोन हात वर लोंबकळत होती. अंगात पांढरा सुती झगा, त्यावर तागाच्या दोरीचे वेढे. फोटोवाली कॅमेऱ्याला डोळा लावून ढग सरकण्याची वाट पाहत होती. "पाच मिनिटं गं, ऊन येतंच आहे!"

दोरवाल्यानं आणखी दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा ठीकच सांगितलं.

वय सेहेचाळीस. एरवी ती पडद्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. नवरा गेला त्याच वर्षी फोटोवाली स्टुडिओसाठी काळे पडदे शिवून घ्यायला आली, आणि हिच्याकडेच बघत बसली. जाताना दोरीतल्या फोटोंसाठी येशील का, विचारून गेली. पहिल्या दिवशी दोरवाल्यानं तिला तासभर समजावलं होतं. दंडातली ही नस नाजूक असते. मुंग्या आल्या की 'उतरव' म्हणायचं, का ते मी विचारणार नाही. तिच्या शरीराबद्दल तिच्याशी इतकं जपून आजवर कुणी बोललं नव्हतं. वर बांधली गेली की तिचं सगळं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. असे पाच हिवाळे गेले.

पण गेल्या महिन्यात फोटोवालीनं एका पंचविशीतल्या मुलीचे फोटो दाखवले होते. "हिच्यावर उजेड काय सुरेख पडतो, बघ!" ते तिच्या मनातून जात नव्हतं.

ऊन आलं. फोटो निघाले. दोरवाल्यानं तिला खाली घेतलं, भराभर गाठी सोडल्या, घोंगडी पांघरली. तिचा डावा पंजा मनगटातून खाली लोंबला, तो वर उचलला जाईना.

"कधीपासून?"

तिनं उजव्या हातानं घोंगडी ओढून पंजा झाकला.

"अगं, कधीपासून?"

"पहिल्यांदा विचारलंस तेव्हापासून."

तो बर्फात मट्कन बसला. बराच वेळ दोरी गुंडाळत राहिला. वेढे सुटत होते. "माझ्या दोरीनं तुझा हात गेला," तो शेवटी म्हणाला. "आणि तूच मला ते करायला लावलंस. यापुढे मी तुला बांधणार नाही."

"थोडाच वेळ होता रे..."

"तीनदा विचारलं होतं मी."

डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे. तीन महिने लागतील, कदाचित जास्त. घरी तिनं नणंदेला सांगितलं, बर्फावर घसरले. "पडायची एवढी हौस, तर निदान उन्हाळ्यात तरी पडायचंस," नणंद म्हणाली आणि रोज सकाळी तिची वेणी घालू लागली. कारखान्यात मशीनवर दुसरी बाई बसली. हिला घड्या घालण्याच्या टेबलावर पाठवलं, तिथंही घडी एका हातानं नीट बसेना.

हिवाळा सरता सरता फोटोंचं प्रदर्शन भरलं. तिचा फोटो मधल्या भिंतीवर, सगळ्यात मोठा. दोन मुली त्याच्यासमोर उभ्या होत्या. "किती शांत दिसतेय ना ही!" एक म्हणाली. मागे उभी असलेली बाई तीच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दाराशी ती कोट घालत होती. डावी बाही कोपराशी अडकली. कुणीतरी मागून कोट धरला. दोरवाला होता.

"हात कसा आहे?"

बरा आहे, हे शब्द तोंडाशी आले होते. तिनं ते गिळले. "अंगठा उचलला जात नाही. रात्री दुखतो. मशीन गेलं."

त्यानं मान हलवली. बाही सैल करून तिचा पंजा हळूच आतून ओढून बाहेर काढला, क्षणभर तळव्यावर तोलून धरला आणि सोडून दिला. मग तो आत गेला. फोटोवाली त्याला हाका मारत होती, शेजारी ती पंचविशीतली मुलगी उभी होती.

तिनं एका हातानं बटणं लावायला सुरुवात केली. खालून तिसऱ्या बटणापर्यंत जमलं. उरलेली तशीच ठेवून ती थंडीत बाहेर पडली.