केप्रकवरचा हात

बू कासियेमच्या मागं सावलीसारखं फिरायचं, तोंड मिटून आणि डोळे उघडे ठेवून, एवढंच सध्या वुरीचं काम होतं. जावातल्या सोलो शहरातल्या आमच्या वस्तीच्या केतोप्राक लोकनाट्याच्या नाटकघराचा सगळा कारभार बू कासियेम बघायच्या आणि तो आता वुरीनं सांभाळायचा होता. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडं बू म्हणतात, पुरुषाला पाक. बूंना घरी बसायचं होतं. खरं तर घरी बसायची वेळ आली होती त्यांच्या नवऱ्यावर, पाक गिमानवर. पण त्यांना एकट्याला घरी ठेवायची सोय उरली नव्हती.

"राजाचा टोप ओला नाही ना, ते आधी बघ," बू चालता चालता शिकवायच्या. "ओल्या टोपानं राजा शिंकतो, आणि शिंकणाऱ्या राजाला शत्रू कशाला भितोय? ढोलवाल्याच्या चहात साखर दुप्पट. नाहीतर लढाईला अंगाईची लय धरतो मेला."

"आणि राणीला काय?"

"राणी वेळेवर आली तरी पुष्कळ. दुकान बंद केल्याशिवाय ती कसली राज्य करतेय!"

रंगमंचाच्या कोपऱ्यात फुलं, काळी कॉफी आणि एक सिगारेट ठेवायची, गेलेल्या नटांसाठी. कॉफी चांगली गोड. "मेलेल्याला कसला आलाय मधुमेह," असं बूंचं म्हणणं.

आमच्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. आधी गोष्ट सांगायची, मग ज्यानं त्यानं आपल्या मनचं बोलायचं. पण थांबायचं कधी, ते नटाच्या हातात नाही. विंगेत केप्रक असतो, पोकळ लाकडाचा ठोकळा. त्यावर ठोके पडले की राजा असो की चोर, निमूट आत. हा केप्रक लग्न होऊन आल्यापासून बूच वाजवत आलेल्या.

पाक गिमान विदूषक. संवाद लिहिलेले नसल्यामुळं त्यांचं विसरणं बरेच दिवस झाकलं गेलं. एकच विनोद त्यांनी दोनदा केला, लोक दुप्पट हसले. सेनापतीला ते 'आई' म्हणाले, तर लोकांनी खूश होऊन मंचावर सिगारेटची पाकिटं फेकली. मग एकदा रंगवलेल्या विहिरीतून पाणी काढायला गेले आणि पडदा फाडून पलीकडं पडले. त्यानंतर मंडळानं ठरवलं, येत्या रविवारचा दुपारचा खेळ त्यांचा शेवटचा. त्यांना सांगायचं नाही, असंही ठरलं.

त्या रविवारी बूंनी केप्रकची मोगरी वुरीच्या हातात दिली.

"आज तू वाजव."

"आजच? अहो बू, आज तर तुम्हीच…"

"बाकी सगळं जमलं गं मला. हे नाही जमायचं."

पाक गिमान तोंडाला पांढरा रंग फासून मंचावर गेले आणि काय रंगले म्हणून सांगू! राजाच्या नोकराची अशी नक्कल केली की राजाच तोंड फिरवून हसला. मग बोलता बोलता त्यांची नजर विंगेकडं गेली. ते बूंच्या समोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही कोण? तोंडावळा ओळखीचा वाटतो. तांदूळ विकता का बाजारात?"

नाटकघर खदखदून हसलं.

"आमची कासियेम दिसली का कुठं? ठेंगणी आहे, तोंडाची तिखट. जेवायचं तिच्याकडं आहे."

लोक डोळे पुसत हसत होते. बायकोवरचे विनोद हा त्यांचा हुकमी एक्का, सगळ्यांना ठाऊक. बूंनी पडद्याची कड मुठीत धरली होती.

"वाजव," त्या म्हणाल्या.

वुरीनं ठोके दिले. पाक हलले नाहीत.

"हे कोण वाजवतंय? सुतार आलाय का?" त्यांनी लोकांना विचारलं. "हा माझ्या बायकोचा हात नव्हे. तिनं बोलावल्याशिवाय मी आत जायचा नाही. रागावते ती." आणि त्यांनी मंचाच्या मधोमध बसकण मारली.

पाकिटांचा पाऊस पडला. वुरीनं पुन्हा ठोके दिले. त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली, आणि पांढऱ्या रंगाखाली त्यांचे ओठ थरथरायला लागले. पहिल्या रांगेतलं हसू तिथंच विरलं.

बूंनी वुरीच्या हातून मोगरी काढून घेतली. तीन ठोके दिले, शेवटचा जरासा रेंगाळलेला.

"आली!" पाक गिमान उठले, लोकांना वाकून नमस्कार केला आणि लुंगी सावरत धावतच आत आले.

"ऐकलंत बाई? हीच ती. आहे इथंच कुठंतरी. दिसली तर सांगा, मी आलोय म्हणून."

"सांगते," बू म्हणाल्या. "तोवर चहा घेता?"

"नको. परक्या बाईच्या हातचा घेतलेला तिला खपायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बूंनी किल्ल्यांचा जुडगा वुरीच्या हवाली केला. पेटाऱ्यात कपडे होते, टोप होते, केप्रक मात्र नव्हता. वुरीनं सुताराकडून नवा करून घेतला.

मग एकदा दुपारी ती त्यांच्या घरावरून चालली होती. स्वयंपाकघरात तीन ठोके पडले, शेवटचा रेंगाळलेला. बाहेर ओसरीवर बसलेले पाक गिमान लगबगीनं उठले.

"आलो गं, आलो!"

ते आत गेले.

"बाई, आमची ही कुठंय? आत्ता तर वाजवलं तिनं."

"आत्ताच गेली बाहेर," बूंचा आवाज आला. "तुम्हाला जेवायला वाढायला सांगून गेलीय. बसा."