मुसळाचा ठोका

जुन्या कम्प्युटरबरोबर मिळालेल्या सीडीतले ढोल-ताशे मला रिकाम्या डब्यावर काठी मारल्यासारखे वाटत, म्हणून कम्प्युटरवर लग्नाचं गाणं बनवताना खोल ठोका हवा होता तेव्हा मी लांब वायर जोडून माईक अंगणात नेला आणि माय उखळात मिरच्या कांडत होती तिथे, जमिनीलगत धरला. उन्हाळाभर ती धारूरच्या घराघरांचं तिखट कांडून द्यायची. मुसळाचा एकच भरीव ठोका ठेवून मी बाकीचे कापून टाकले. पाटोद्याचा मृत्युंजय त्या दिवशी आला होता. त्याचं कॅसेटचं दुकान होतं आणि सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा नवं. ठोका ऐकताच त्याने तो फ्लॉपीवर उतरवून नेला. मला बरं वाटलं. शाळा आठवीतच सुटलेली, चारचौघांत तोंड उघडत नाही, पण माझं काहीतरी कुणीतरी मागून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो ठोका ओळीने मांडून पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला. बाहेर मायचं मुसळ नेमकं त्याच्यावर पडत होतं. आवाज ऐकून ताल धरत असेल, असं वाटून मी हेडफोन लावला आणि वेग वाढवला. खिडकीतून दिसत होतं, मुसळ भराभर चालू लागलं, पदर घसरला तरी तिला तो सावरता येईना. घाबरून मी बंद केलं. मुसळ वरच्या वर थांबलं.

"माय, थांबलीस कावून?"

"थांबले? कांडतेच की रं," ती म्हणाली. मुसळ हवेतच होतं.

मी ठोका कम्प्युटरवरून पुसला. मुसळ खाली आलं.

त्यानंतर सगळं ठीक होतं. मग एका दुपारी ज्वारी निवडता निवडता मायच्या दोन्ही मुठी वळल्या आणि सूप लवंडून हवेतच वरखाली होऊ लागल्या, उजवी भराभर, डावी अगदी सावकाश.

"लई भरून आलेत रं हात," ती म्हणाली. "धर जरा."

मी मनगटं धरली, तर माझ्याच खांद्यांना हिसके बसू लागले. तसाच शेजारच्या दुकानातल्या फोनकडे पळालो.

"मृत्युंजय, तो ठोका बंद कर."

"कावून बे? आत्ताच लावलाय. आख्खी गल्ली नाचायलीय!"

ते माझ्या मायचे हात आहेत, हे काही केल्या माझ्या तोंडून निघेना. "बंद कर," एवढंच मी परत म्हणालो.

"बरं बाबा, रुसू नको नवरीवानी. केला बंद. पण तलवाड्याच्या बँडवाल्यानं बी नेलाय, त्याच्या सॉफ्टवेअरात टाकून देवीच्या गाण्याला हळू केलाय म्हणं. त्याच्याकडनं अजून कुणी कुणी नेला, मला काय ठावं? तुझा ठोका लई हिंडायलाय बे आता!"

मी धावत घरी आलो. उजवा हात वरच्या वर थांबला होता. डावा सावकाश वर जाई, सावकाश खाली येई. मी जवळ बसून तो छातीशी धरला.

"आता बरं हाय," माय म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या पापण्या तिसऱ्याच कुठल्यातरी लयीत उघडत होत्या, मिटत होत्या.